कुंभारणीचं घर मी पाडलं

हे लिहितेय तेव्हा शेखर बाहेरच्या खोलीत मॅच बघतोय, आणि त्याला यातलं अक्षर माहीत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीला नाही. रोज तासभर फोनवर जिचं डोकं खाते त्या मैत्रिणीलाही नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? — कारण तुम्ही मला ओळखत नाही. ऐकून गालाला हात लावून "अगं बाई!" म्हणालात तरी मला दिसणार नाही. आणि एक आधीच सांगून ठेवते: मी रडत-बिडत नाहीये. रडत सांगितलं की लोक लगेच पाठीवरून हात फिरवतात. तो मला नकोय.

गोष्ट माश्यांची आहे. हसू नका.

सिंगापुरात आम्ही तेव्हा क्लेमेंटीला राहायचो, चौथ्या मजल्यावर. मागे गर्द झाडी. खिडक्यांना गज, पण जाळ्या नाहीत — इथे फारसं कुणी लावतच नाही. त्यामुळे गांधीलमाश्यांचं येणं-जाणं हे आमच्याकडे पाहुण्यांसारखंच होतं, फक्त पाहुणे एवढे येत नसत. केळी पिकली की हजर. देवापुढे गूळ-खोबरं ठेवलं की हजर. पहिल्या वर्षी मी किंचाळायचे, दुसऱ्या वर्षी शिकले. हात हलवायचे नाहीत. खोलीतला दिवा बंद करायचा, खिडकी सताड उघडायची आणि आपण बाहेर निघून दार लावायचं — उजेडाच्या मागे ती आपली आपण जाते. अगदीच भिंतीला बसली असेल तर वर काचेचा ग्लास उपडा, खाली पोस्टकार्ड, आणि गजांतून बाहेर. एकदा एसीच्या बाहेरच्या डब्याखाली त्यांनी नारळाएवढं पोळं केलं, तेव्हा मात्र मी शहाणपणा केला नाही, माणूस बोलावला. तो नखशिखान्त झाकून आला, फवारलं, पिशवीत भरलं, गेला. शेखर दाराआडून बघत होता. मी चहा केला.

हे सगळं एवढ्याचसाठी सांगतेय की घरात माशी आली तर काय करायचं हे मला पक्कं ठाऊक होतं. नंतर जे झालं ते घाबरून झालं नाही. तेवढी पळवाटही मला नको.

आता माणसं सांगते. शेखर, माझा नवरा — रॅफल्स प्लेसला एका बँकेच्या आयटीत. स्वभावाने गायच, आणि गायीसारखी सगळी माणसं जशी दुसऱ्याच्या खांद्यावर ओझं देऊन मोकळी होतात तसा तोही. आमच्याकडे एक खोली रिकामी होती, ती केतकीला दिली होती. केतकी अकोल्याची, इथल्या विद्यापीठात पीएचडी करणारी, सत्तावीस-अठ्ठावीसची. मला वहिनी म्हणायची, शेखरला दादा. तीन वर्षं होती आमच्याकडे. मीठ कुठे आहे हे शेखरला माहीत नव्हतं, तिला होतं. लहानपणी बोरं वेचताना तिला गांधीलमाशी पापणीवर चावलेली, चेहरा सुजून दवाखान्यात दोन दिवस काढलेले. त्यामुळे काहीही गुणगुणलं की ही पोर पांढरीफटक. मीच तिला ग्लासाची युक्ती शिकवली होती. तिने ती कधी वापरली नाही, मलाच हाक मारायची.

आणि तिसऱ्या — आई. म्हणजे सासूबाई. चौदा साली त्या कराडहून तीन महिन्यांसाठी आल्या.

त्यांच्याबद्दल वाकडं बोलणार नाही. बाई कामसू, हौशी, तोंडाने फटकळ पण हाताने उदार. आल्या त्या दुसऱ्याच दिवशी केतकीच्या केसांत तेल घालायला बसल्या — "काय गं हे, झाडूचा कुंचा झालाय." ती पोर डोळे मिटून बसायची. दर रविवारी ठरूनच गेलं. माझ्या केसांना त्यांनी कधी हात लावला नाही, पण ते असो. सुनेचे केस सुनेचेच.

आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मूल नव्हतं.

इथे थांबा. तुमच्या मनात आत्ता जे "अरेरे" आलं ना, ते परत घ्या. मला मूल नको होतं. शेखरलाही नको होतं. आम्ही बसून, बोलून, भांडून, पुन्हा बोलून हे ठरवलं होतं, आणि त्याचा मला ना तेव्हा पस्तावा होता ना आज आहे. फक्त शेखरला ते आईला सांगवेना. "प्रयत्न चालू आहेत" असं त्याने एकदा सांगून टाकलं, आणि मग नऊ वर्षं आमचे प्रयत्नच चालू. मी का नाही सांगितलं? तुम्हाला मी एवढी तोंडाळ दिसतेय ना? सगळ्यांनाच दिसते. पण ते एक वाक्य त्या बाईसमोर माझ्या तोंडून निघालं नाही. नको म्हणणारी सून होण्यापेक्षा होत नाही असं समजून लोक हळहळत असलेली सून होणं सोपं होतं. मी सोपं ते घेतलं.

तर आई येऊन तीन आठवडे झाले असतील, तेव्हा कुंभारीण आली.

तुमच्या घरात कुणी जुनं माणूस असेल तर तुम्हाला ठाऊक असेल. कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची एकटी माशी — चिखलाचे गोळे आणून भिंतीवर गाडगी लिंपते ती. पोळं नाही, झुंड नाही, सहसा चावत नाही. बाहेरच्या कॉरिडॉरमधल्या कुंड्यांतली माती उचलून तिने केतकीच्या खोलीत, कपाटाच्या वर भिंतीला घर बांधायला घेतलं. केतकी ओरडत बाहेर आली, मी ग्लास घेऊन निघाले, आणि आईंनी माझा हात धरला.

"अगं, तिला हात लावू नकोस! कुंभारणीने घर केलं की त्या घरात पाळणा हलतो."

त्यांचा चेहरा काय सांगू! मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. तिथून पुढे केतकीची खोली म्हणजे देऊळच झालं. सकाळी आंघोळ करून त्या तिथे खुर्ची टाकून बसायच्या. शेजारी भिंतीला हळदकुंकवाचं बोट. किती गाडगी झाली — दोन, तीन — त्याची बातमी कराडला, तिथून पुण्याला, पुण्याहून माझ्या फोनवर. "काय गं मीनल, काही विशेष?" चुलत नणंदेने तर नावंसुद्धा सुचवली. खिडकी बंद करायची नाही असा हुकूम निघाला, नाहीतर कुंभारीण येणार-जाणार कशी? ज्या खोलीत केतकी तिच्या प्रबंधाची शेवटची प्रकरणं लिहीत होती, त्याच खोलीत दिवसभर ती माशी डोक्यावरून ये-जा करायची. केतकी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसायला लागली. एकदाच म्हणाली मला, हळूच — "वहिनी, ती चावत नाही हे कळतं हो मला. पण अंगाला कळत नाही."

आणि मी? मी गप्प. तोंडात मूग.

एका शनिवारी आई शेखरबरोबर लिटिल इंडियात देवळात जायला निघाल्या. जायच्या आधी त्यांनी मला आत बोलावलं, बॅग उघडली, आणि माझ्या हातात एक टोपडं ठेवलं. पांढरं, बारीक टाके, कडेला हिरवी वेल. म्हणाल्या, डोळ्यांना दिसत नाही आता, सहा महिने लागले. म्हणजे हे कुंभारणीच्याही आधीचं होतं! कराडला बसून, चष्म्यावर चष्मा लावून शिवलेलं. म्हणाल्या, आज नवस बोलून येते.

ते गेले. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला आणि माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की बस. कुणावर? त्यांच्यावर? शेखरवर? स्वतःवर? — तेव्हा ठरवायला वेळ नव्हता. मी टोपडं त्यांच्या पलंगावर ठेवलं, स्वयंपाकघरातून उलथनं घेतलं, केतकीच्या खोलीत स्टुलावर चढले आणि ते घर खरवडून काढलं.

सोपं नव्हतं ते. माती वाळून सिमेंट झाली होती. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा चार गाडगी एकदम फुटून खाली पडली. आत कोळी भरलेले होते — छोटे, पाय मुडपलेले, मेलेले नाहीत, नुसते लुळे. आणि एका गाडग्यात पांढरी अळी. मी बघत राहिले. मग ती आली. तोंडात ओल्या मातीचा गोळा घेऊन खिडकीतून आत आली, आणि जिथे घर होतं तिथे घिरट्या घालायला लागली. पुन्हा पुन्हा त्याच जागी. मी वर्तमानपत्राची सुरळी केली आणि तिला मारलं. ग्लास होता, पोस्टकार्ड होतं, सगळी युक्ती येत होती मला. तरी मारलं.

याची मला लाज वाटत नाही. वाटायला हवी, असं तुम्ही म्हणाल — म्हणा. माझं पोट हा काही गावकीचा विषय नव्हता, आणि चिखलाच्या चार गाडग्यांनी माझ्याकडून काय ते वदवून घ्यावं हे मला मंजूर नव्हतं. पुन्हा तीच खोली, तेच स्टूल दिलं तर मी पुन्हा चढेन. तेव्हा कबुली ती नव्हे.

कबुली इथून पुढे.

मी स्टुलावरून उतरत होते आणि दारात केतकी उभी. लायब्ररीतून लवकर परतली होती. तिने भिंत पाहिली, जमिनीवरची माती पाहिली, माझ्या हातातलं उलथनं पाहिलं. आणि तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "वहिनी... माझ्यासाठी केलंत?"

आता सांगा, काय बोलायचं होतं मी? "नाही गं, तुझा काही संबंध नाही, मला मूल नको आहे म्हणून मी पाडलं" — एवढंच. एका श्वासाचं वाक्य. तीन वर्षं एका ताटात जेवलेल्या मुलीला सांगायला काय हरकत होती? ती काय ओरडणार होती माझ्यावर?

मी मान डोलावली. "हो" म्हणाले. वर आणखी — हे बघा, एवढं बोललेच आहे तर सगळंच सांगते — वर म्हणाले, "तुझे हाल बघवेनात गं." आणि ती मला येऊन बिलगली. मला बरं वाटलं हो! त्या क्षणी मी स्वतःलाच फार चांगली बाई वाटले. मग तिने माझ्या हातातून उलथनं काढून घेतलं, सुपली-केरसुणी आणली आणि ते सगळं, त्या लुळ्या कोळ्यांसकट, भीत भीत स्वतः भरलं.

संध्याकाळी आई प्रसादाचा पुडा घेऊन थेट त्या खोलीत गेल्या. मग बाहेर आल्या, तशाच, पुडा हातात. कुणी पाडलं, एवढंच विचारलं. मी आमटी ढवळत होते. शेखर बूट काढत होता. मी डाव फिरवत राहिले, एक फेरा, दोन फेरे — आणि माझ्या मागून केतकीचा आवाज आला.

"काकू, मी पाडलं. मला भीती वाटत होती."

माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. म्हणजे मला अडचण होऊ नये म्हणून. मी तिच्यासाठी केलं, तर ती माझ्यासाठी करणारच — अशीच होती ती. आणि मी गॅस बारीक केला.

आई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खाली बसल्या आणि लहान मुलासारख्या रडल्या. म्हणाल्या, "पोरी, तुझे केस विंचरले गं मी." टोपडं त्यांनी बॅगेत तळाशी घातलं. दुसऱ्या दिवसापासून केतकीच्या हातचा चहा बंद, तिच्याशी शब्द बंद. आणि चार दिवसांनी शेखरला सांगितलं — मी इथे आहे तोवर ही मुलगी डोळ्यांसमोर नको. शेखर माझ्याकडे आला, "तूच सांग बाई तिला, तुझं ऐकेल ती."

मी सांगितलं. पडत्या फळाची आज्ञा! मी तिला घरातून जायला सांगितलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, त्यातला चोरच सुळी घेऊन आला होता. ती म्हणाली, "कळतं हो वहिनी, काकूंचं वय झालंय." आठवड्यात गेली. प्रबंधाच्या शेवटच्या तीन महिन्यांसाठी कोण धड खोली देतंय? बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, एका खोलीत चौघी, तिथे एक पलंग मिळाला. दीड तास जाणं, दीड तास येणं. प्रबंध लांबला. इथेच बुओना व्हिस्टाला एका ठिकाणी तिची नोकरी जवळजवळ ठरली होती, त्यांनी थोडं थांबून दुसऱ्याला घेतलं. इथे राहायचा पास संपला, ती भारतात परतली. एअरपोर्टला सोडायला मी गेले होते. थालीपिठं करून दिली डब्यात. हो, थालीपिठं.

माझं काय गेलं असतं बोलले असते तर? आईंचा दोन महिने अबोला. शेखरची चिडचिड. कराडला चार तोंडं चार गोष्टी बोलली असती. बस, एवढंच. हिशेब करून पाहिलाय मी, आणि दर वेळी तो एवढाच येतो. त्याच्यासाठी मी त्या पोरीचं घर घालवलं. त्या माशीचं पाडलं त्याचं मला काही नाही. हिचं पाडलं.

आईंनी मात्र मनातून ते काढलं नाही. परत गेल्यावर कुणी नातवाचा विषय काढला की म्हणायच्या, येत होता, एका मुलीने वाट मोडली. मी फोनवर ऐकायचे. "असू दे आई," म्हणायचे — समजूतदार सून! लोक म्हणायचे, बघा, एवढं दुःख असून त्या मुलीला एक वाईट शब्द बोलत नाही.

चार वर्षांनी त्या आजारी पडल्या. मी कराडला जाऊन राहिले महिनाभर. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी पाणी पाजत होते, दोघीच होतो. त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "ती केतकी. पोर होती गं, भ्याली. मी तिला माफ केलंय. तू कळव तिला. माझ्या मनात काही नाही असं सांग."

आता ऐका. ही वेळ होती की नाही? त्या जाणार होत्या. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. मी म्हणू शकले असते, आई, ती नव्हती, मी होते. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या, किंवा नसत्याही दिल्या — कोण जाणे, कदाचित मलाही तसंच मनगट धरून काही म्हणाल्या असत्या. मी म्हणाले, "हो आई, कळवते." आणि त्यांचं तोंड पुसलं.

तरी इथवर मी फक्त गप्प राहिलेली बाई आहे. पुढचं ऐका.

त्या गेल्या. तेराव्यानंतर मी केतकीचा नंबर शोधला. ती तेव्हा हैदराबादला एका कॉलेजात शिकवत होती. मी मेसेज लिहिला. मला तो पाठ आहे. "केतकी, आई गेल्या. जाताना तुझी आठवण काढली. त्यांनी तुला माफ केलंय, असं तुला सांगायला सांगितलं."

लिहिला, वाचला, आणि पाठवला. जिने काही केलंच नव्हतं तिला, जिने केलं तिच्याकडून, माफी. मला कुणी ढकललं नव्हतं. आईंना कळणारही नव्हतं मी कळवलं की नाही ते.

दहा मिनिटांत तिचं उत्तर आलं. "वहिनी, ऐकून फार वाईट वाटलं. काकूंनी खूप माया केली होती. आणि तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठी जे केलंत ते मी जन्मात विसरणार नाही."

मी तिला जोडलेल्या हातांचं ते चित्र पाठवलं, आणि फोन बंद केला.